महाराजांची प्रकृती उत्तम आहे

ऐका तर. सागाच्या एका जंगलात दुर्दंडराव नावाचा सिंह राज्य करत होता. राज्य कसलं, एका जागी पडून असायचा. पायाची जखम तीन वर्षं चिघळलेली. लांबलांबून माश्या दर्शनाला यायच्या. पण महाराज आजारी आहेत किंवा गेले असं जो म्हणेल त्याचं मुंडकं उडवायचं, असा कायदा होता. त्यामुळे महाराजांची प्रकृती कायम उत्तम असे.

सगुणाराणी ही त्यांची सहावी बायको. आधीच्या पाचांचं विचारू नका. दोघींची कातडी दरबारात अंथरली होती. सगुणा आधी दोनदा विधवा झालेली, म्हणून आजाऱ्याचं करण्यात तरबेज. जखम ती स्वतः धुवायची. धुता धुता एकदा म्हणाली, "अहो, जेवणाला रोज चार हरणं म्हणजे जरा जास्तच होतं हं."

प्रधान तरसोपंत, जातीचे तरस, दाराआडून ऐकत होते. लगेच महाराजांच्या कानाशी लागले, "बाईसाहेब आपल्याला अक्कल शिकवतात!" महाराज भडकले. राणीच्या अटकेचा हुकूम मातीच्या ओल्या पाटीवर लिहून झाला. त्यावर महाराजांचा पंजा उमटला की हुकूम लागू.

हे राणीला कळलं. पळावं तर गुन्हा कबूल केल्यासारखं, थांबावं तर कातडं जाणार. ती जखमेपाशी बसून राहिली.

सकाळी पंत पाटी घेऊन आले.

"महाराज झोपलेत," राणी म्हणाली. "पंजा तुम्हीच धरा."

पंतांनी पंजा उचलला. थंडगार, लाकडासारखा ताठ. त्यांनी राणीकडे पाहिलं.

"बोला पंत, कशी वाटते प्रकृती?"

पंतांनी पंजा अलगद खाली ठेवला. "उ... उत्तम!"

"मग बाहेर जाऊन तसंच सांगा. आणि पाटी पुसा. तिच्यावर पंजा उमटवलात, तर पंतांनी मेल्याचा पंजा वापरला असं मी भर दरबारात ओरडेन. माझं मुंडकं जाणारच आहे, सोबतीला तुमचं येईल."

पंतांनी पाटी पुसली. तिच्यावर नवा हुकूम लिहिला: यापुढे महाराजांना फक्त राणीसाहेब आणि प्रधान भेटतील. पंजा छान उमटला.

चार दिवसांनी वास सुटला. ससे कुरकुरले. पंतांनी जंगी सभा घेतली. "बंधूंनो आणि भगिनींनो, हा वास शेजारच्या जंगलाचं कारस्थान आहे! महाराज तुमच्यासाठी अहोरात्र एका जागी बसून आहेत. कूससुद्धा बदलत नाहीत!"

"हलणार नाही, डुलणार नाही, महाराजांशिवाय चालणार नाही!" सभा गरजली. ससे नाक दाबून गरजले.

त्यानंतर तीन निवडणुका झाल्या. तिन्ही वेळा महाराज बिनविरोध. सगुणाराणी दरवर्षी थाटात हळदीकुंकू करते. तिला अखंड सौभाग्यवती म्हणायचा हुकूमच आहे. कधीकधी मन खातं तिला, पण कातडं अंगावर आहे.

आणि मतदारही खूश आहेत. म्हणतात, काही म्हणा, एवढ्या वर्षांत या महाराजांनी आपल्याला एकही थाप मारली नाही.