अरिकाये राणीचे मानकरी

एका राज्यात, नाईलकाठच्या कुश मुलखात, अरिकाये नावाची राणी होती. तिथली रीत मोठी अघोरी. राजा लंगडा झाला, तर दरबारचे मानकरी आपण होऊन पाय मोडून घेत. राजा मेला, तर सगळे बरोबर जात. त्याला निष्ठा म्हणत. वेडाला चांगले नाव दिले, की ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

राणीच्या बापाने सोन्याच्या हावेने आपल्याच पूर्वजाच्या पिरॅमिडचे टोक फोडले. सोने मिळाले, शापही मिळाला. नाईल आटली. आधी गुरे मेली, मग मुले मरू लागली. शेवटी राजाही मेला, मानकऱ्यांसह. निस्तरणे लेकीच्या कपाळी आले.

सोने परत ठेवायला राणी पिरॅमिडमध्ये गेली. आत तीन दारे होती. पहिल्या दारावरचा दगडी सिंह म्हणाला, "डोळा दे." तिने दिला. दार उघडले. ती जखम बांधायला महालात आली, तर सगळे नवे मानकरी एकडोळे झालेले. त्यांत तिची बालमैत्रीण मलेतीसुद्धा.

दुसऱ्या दारावरच्या नागाने उजवा हात मागितला. राणी परतली, तेव्हा मलेतीने तिला डाव्या हाताने पाणी पाजले.

"हे का केलंस गं?" राणी रडत म्हणाली.

"आपण का केलंत, राणीसाहेब?"

तिसऱ्या दारावर गिधाड बसले होते. ते म्हणाले, "प्राण."

राणी माघारी फिरली. स्वतःच्या मरणाचे तिला भय नव्हते, मलेतीच्या मरणाचे होते. माझ्यामागे कोणी मरू नये, असे तिने फर्मान काढले. कोणी ऐकेना. इकडे घरोघरी मुले मरतच होती.

मग तिने भरदरबारात मुकुट उतरवला आणि मलेतीच्या डोक्यावर ठेवला. "आता राणी तू. वाटेवरची बाई मेली, तर तिच्यामागे कोणी जात नाही."

मलेतीने तिचे पाय धरले. "मग ही माझी पहिली आज्ञा. जाऊ नका."

"एवढी एक आज्ञा सोडून, राणीसाहेब," अरिकाये म्हणाली आणि सोने घेऊन तिसऱ्या दाराकडे गेली.

नाईल दुथडी भरून आली. मुले वाचली. अरिकायेला पिरॅमिड मिळाला नाही. तो मान राजघराण्याचा.

मलेतीला अरिकायेच्या मागे जायचे होते, पण आता तिच्यामागे सारा दरबार गेला असता. म्हणून ती जगली. नवा मानकरी तिने कधी नेमला नाही. जुने एकेक करून म्हातारपणाने गेले. शेवटचा गेला, त्याच दिवशी मलेतीने आपला उरलेला डोळा मिटला.