सड्यावरचा पांढरा शर्ट

“…आणि जमीनच खोटं सांगत असली तर?” निरंजनने विचारलं.

त्याचे मार्गदर्शक तांबोळीसर खडकावर बसून पाणी पीत होते.

वैशाखाचं ऊन सड्यावर तापत होतं. त्या उघड्या कातळावर एक लोखंडी खांब होता आणि खांबाच्या आडव्या दांडीला एक यंत्र. त्याची एक काच आभाळाकडे, दुसरी जमिनीकडे. वरून ऊन किती आलं आणि कातळाने त्यातलं किती परतवलं, एवढंच ते सांगायचं.

उपग्रहाच्या मोजणीवरून निरंजनने अख्ख्या कोकणाचा तसाच नकाशा केला होता. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली होती. नकाशात हा कातळ चांगला उजळ होता. यंत्र मात्र दर खेपेला त्याला काळाच ठरवत होतं. सोमवारी प्रबंध द्यायचा होता.

निरंजन घाबरला होता. पण ऐट कायम. आभाळातून सगळं दिसतं, जमिनीवरून हातभरच दिसतं, असं त्याने येताना जीपमध्ये सरांनाच ऐकवलं होतं. सरांनी नुसती मान डोलावली, आणि त्यामुळे तो आणखीच घाबरला.

आता तो उठला आणि खांबाला खेटून उभा राहिला. यंत्राच्या छोट्या पडद्यावरचा आकडा हळूहळू चढला आणि नकाशातल्या आकड्याला येऊन टेकला.

“जुळलं, सर.”

सर उठून आले. त्यांनी आधी पडदा पाहिला, मग निरंजनला. विद्यापीठातून तो थेट आला होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मोजायला जाताना गडद कपडे घालायचे आणि यंत्रापासून लांब राहायचं, नाहीतर कपड्यांवरून परतलेलं ऊनही यंत्र कातळाच्याच नावावर मांडतं, हा या कामातला पहिला धडा. तो त्याला सरांनीच दिला होता.

“मागे हो,” सर म्हणाले.

“आधी आकडा टिपून घेतो.”

“घे की.”

निरंजनने पेनाचं टोपण काढलं. हात पुढे जाईना. शर्टाचं त्याला ठाऊक होतं. उठतानाच ठाऊक होतं.

“सर… मला भीती वाटते.”

सरांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच्या खिशाला लावलं.

निरंजन एक पाऊल मागे सरला. आकडा उतरला. आणखी एक पाऊल. आकडा आणखी उतरला. मागे नुसता काळा कातळ पसरला होता.

“कुठवर जाऊ, सर?”

सरांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

“यंत्राला तू दिसेनासा होशील तिथवर.”