आज्ञा

"मग माझी सिस्टीम कमी कुठे पडते, सर?"

सौमित्रचा लॅपटॉप रेगेसरांनी बघितला होता, मिटला होता, आणि हळूच त्याच्याकडे सरकवला होता.

पर्सनल कॉम्प्युटर आपल्याकडे नवे होते, तेव्हा भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात रेगेसरांनी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली होती. आता ते भोरला एकटेच राहत. सौमित्रने स्वतःची सिस्टीम लिहायला नोकरी सोडली होती आणि त्याला सरांजवळ राहून शिकायचं होतं. पुण्यातल्या घरमालकाला जागा सोडतो म्हणून त्याने कळवूनही टाकलं होतं. सरांना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

ऋजुतालाही विचारायचं राहिलंच होतं. पण ती काय, बायकोच होती. नवी.

"तुझी सिस्टीम करते काय?" सरांनी विचारलं.

"माणसाने मागायच्या आत देते. त्याच्या मनात काय आहे ते आधीच ओळखते."

"अरे वा..."

सर त्याच्याशेजारी बसलेल्या ऋजुताकडे वळले. "सूनबाई, चहा की कॉफी?"

"ती चहा घेते," सौमित्र म्हणाला.

सरांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन चहा करून आणला.

ऋजुताने कप समोर ठेवून घेतला. लग्नाआधी ती कॉफी प्यायची. सासरी पहिल्या दिवशी चहा आला, आणि मग येतच राहिला.

कोपऱ्यात टेबलावर काहीतरी झाकलेलं होतं. सरांनी वरचा पंचा काढला. जाडजूड, पिवळट पडलेला कॉम्प्युटर. त्यांनी फ्लॉपी आत सरकवली. यंत्र घसा खाकरल्यासारखं कुरकुरलं, आणि काळ्या पडद्यावर हिरवा इंग्रजी 'ए' उमटला. त्याच्यापुढे बाणाचं टोक. त्याच्यापुढे उघडझाप करणारा कर्सर.

"ए म्हणजे काय रे?"

"पहिली ड्राइव्ह. ए, मग बी," सौमित्र प्रश्न संपायच्या आत म्हणाला.

"बरोबर. आमच्या कारखान्यातला डिमेलो म्हणायचा, ए म्हणजे आज्ञा. ख्रिस्ती माणूस, पण हात जोडून म्हणायचा, 'आज्ञा, महाराज?'" सर स्वतःशीच हसले. "आता ते काय करतंय?"

"काही नाही."

कर्सर उघडझाप करत राहिला...

सौमित्रची बोटं की-बोर्डकडे गेली. सरांनी की-बोर्डवर पंचा टाकला.

"सर, काहीतरी टाइप केल्याशिवाय ते करणार काय?"

"वाट बघतंय," ऋजुता म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. भोरला आल्यापासून तिचं हे पहिलंच वाक्य होतं.

"हं," सर म्हणाले. "यंत्राकडून काम करून घेणं आम्हाला लवकर जमलं. त्याला असं थांबायला शिकवताना मात्र डिमेलोचे केस गेले. मधेच काहीतरी बडबडायचं लेकाचं. नाहीतर विचारलेलं ऐकायचंच नाही."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, तेवढाच आवाज.

सौमित्रने लॅपटॉप पिशवीत घातला. मग एकाएकी वाकून सरांच्या पायांना हात लावला.

"सर, मला ठेवून घ्या. सांगाल ते करीन. फक्त आज्ञा द्या."

"नक्की?"

"नक्की."

सरांची नजर ऋजुतासमोरच्या कपावर गेली. चहा भरलेलाच होता. वर साय धरली होती.

"तो चहा कुणाच्या आज्ञेने आला, तेवढं आधी सूनबाईला विचारून ये."