कोपऱ्यातली कडी

कोंडेपठारच्या कॉलेजात कुठल्याही वर्गात शिरलं, की छताकडं बघावं. पंखे मधोमध फिरतात, पण मागच्या कोपऱ्यात एक रिकामी कडी दिसते. पाहुण्यांना वाटतं, गवंडी चुकला. घंटा देणाऱ्या शेवंतामावशी हसतात, "पहिली चूकच होती, बाई. बाकीच्या मुद्दाम."

असं सांगतात, की कॉलेज तेव्हा पत्र्याच्या गोदामात भरायचं. मग पंचक्रोशीनं हातभार लावून पक्की इमारत काढली. त्या कामावर केवळा घमेली उचलायची. तिची तान्ही मैना बाहेर परांचीच्या बांबूला बांधलेल्या झोळीत असायची. केवळाचा हात कामात, जीव झोळीत. मुंगी चढली तर? वारा बाधला तर?

एके दिवशी मैना काही केल्या उगी राहीना. यशवंता मिस्त्री करवादला, "केवळे, लेक आहे का गिरणीचा भोंगा? ने तिला आत!"

आतल्या वर्गात पंख्याची कडी मिस्त्रीनं चुकून कोपऱ्यात बसवली होती, त्यापायी बोलणीही खाल्ली होती. केवळानं तिलाच झोळी बांधली. पोर लगेच निजली. आणि बाहेर परांची कोसळली म्हणे, नेमकी झोळीच्या जागेवर.

केवळा धावत आत आली. झोळीला गच्च धरून ती कडीकडं बघत म्हणाली, "माझी मैना राखलीस. हिला इथंच शिकवीन."

पण घरच्यांनी मैनाचं लग्न लवकर उरकलं. बोललेला नवस केवळाला घासागणिक टोचत राहिला.

पुढं इमारतीची डागडुजी निघाली. प्राचार्य म्हणाले, "ती बिनकामाची कडी कापून टाका." माणूस शिडीवर चढला, तोच दारात मैना आली. कडेवर तान्हं बाळ, मागं केवळा, हातात तीच जुनी झोळी.

"सर, मला नाव घालायचंय," मैना म्हणाली. "पण ह्याला कुठं ठेवू?"

प्राचार्यांनी एकदा बाळाकडं, एकदा कडीकडं पाहिलं. मग शिडीवरच्याला म्हणाले, "उतर बाबा खाली. आणि त्या माउलीला झोळी बांधू दे."

आजही नवा स्लॅब घालताना कोपऱ्यातली कडी आधी बसवतात. पहिल्या दिवशी कुणाचं तरी लेकरू तिथं निजवतात, मगच वर्ग भरतो. आणि झोळीत बाळ निजलेलं असलं, की शेवंतामावशी घंटा देत नाहीत. दारातून नुसता हात हलवतात.