दोन हातांवरचा चेंडू

एका गोल्फ क्लबात खैरमोडे मॅडम लहान मुलांना शिकवत. पहिले काही महिने त्या कुणाला लांब फटका मारूच देत नसत. होलपासून दोन हातांवर चेंडू ठेवायचा आणि हळूच आत घालवायचा, एवढंच.

क्लबचे अध्यक्ष रायबागकरसाहेब एके सकाळी मुलांसमोरच कडाडले, "बाई, माझी नात इथे गोट्या खेळायला येते का? एवढ्यावरून कुणीही चेंडू आत घालवेल! उद्यापासून मी दुसरा शिक्षक बघतो."

"एकदा तुम्ही आत घालवून दाखवा सर, मी आजच जाते."

एरवी खेळताना साहेबांचा चेंडू होलजवळ आला, की सोबतचे लोक "गेलाच समजा, साहेब!" म्हणत तो अदबीने उचलून देत. अशी कित्येक वर्षं गेली होती.

साहेबांनी चेंडू ढकलला. तो काठाला लागून पुढे गेला.

"अरेच्चा! रोज तर जातो!"

"रोज तो तुमच्या हुद्द्यामुळे जातो, सर. या मुलांना अजून हुद्दा नाही, म्हणून मी आधी हेच शिकवते."

साहेबांना राग आला असावा, नक्की सांगता येत नाही. पण चेंडू घेऊन ते नातीच्या मागे रांगेत जाऊन उभे राहिले.