अर्जाची कोरी बाजू

"म्हणजे तुम्ही लिहून देणार नाही?" वृषालीने तिसऱ्यांदा विचारलं.

रुद्राप्पा मिस्त्री गाडीखालच्या खड्ड्यात उभे राहून इंजिनाच्या तळाकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"एकच ओळ हवीय, आप्पा. फिल्टर खराब निघाला, त्यातून ऑइल गेलं. खाली तुमची सही. बाकी अर्ज मी केलाय."

अर्ज तिच्या हातातच होता. ग्राहक मंचाला लिहिलेला, टाइप केलेला. ज्या दुकानाने तिला ऑइल फिल्टर विकला, त्याचं नाव ठळक अक्षरांत.

रुद्राप्पांनी गडहिंग्लजात चाळीस वर्षं इंजिनं उघडली होती. तालुक्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. म्हणूनच ती आली होती. नाहीतर या गॅरेजात तिने पुन्हा पाऊल ठेवलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी, इंजिनिअरिंगच्या सुट्टीत, ती इथं शिकायला येत होती. रुद्राप्पांनी तिच्या हाती फडकं दिलं. पुस, म्हणाले. नट पुस, नटाची जागा पुस, झाकण पुस, झाकण बसतं ती कड पुस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. का, ते कधी सांगितलं नाही. पंधराव्या दिवशी तिने फडकं त्यांच्या टेबलावर ठेवलं, पुसापुशीच करायची तर घरी काय कमी आहे, असं सुनावलं आणि निघून गेली.

गेल्या महिन्यात बाबांच्या गाडीचं ऑइल बदलायचं होतं. रुद्राप्पांनी बाबांना आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं. वृषालीला आठ दिवस थांबायचं नव्हतं. तिने मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि अंगणातच काम उरकलं. जुनं ऑइल सोडलं, पेल्याएवढा जुना फिल्टर फिरवून काढला, त्या जागी नवा फिरवून बसवला, ताजं ऑइल भरलं. चाळीस मिनिटं. शेजारच्या काकांनी गच्चीवरून विचारलं, जमतंय का गं तुला? तिने काळे झालेले दोन्ही हात वर करून दाखवले.

पाच दिवस गाडी छान चालली.

सहाव्या दिवशी सकाळी आईचं तोंड एकीकडे वाकडं झालं. उजवा हात उचलेना. बाबांनी तिला मागच्या सीटवर आडवं केलं आणि कोल्हापूरची वाट धरली. तिचं डोकं वृषालीच्या मांडीवर होतं. पहिल्याच मोठ्या चढावर ऑइलचा लाल दिवा लागला. बाबांनी गाडी कडेला घेतली, वाकून पाहिलं. खाली धार लागली होती.

दीड तास. अँब्युलन्स दुसरीकडे गेलेली. बाबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात करत होते. शेवटी कोबीचा एक टेम्पो थांबला.

डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर...

आता आई खाटेवर असते. उजवी बाजू गेली. वाचा गेली. बाबा म्हणतात नशीब, आत्या म्हणते नशीब, भेटायला येणारा प्रत्येक जण चहा पिऊन नशीब म्हणतो आणि उठतो. वृषालीला त्या शब्दाची शिसारी आली होती. नशिबावर खटला भरता येत नाही. दुकानावर भरता येतो.

सकाळीच तिने ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी इथं ओढत आणली होती.

"आप्पा, मला आईला भरवायला जायचंय."

"तो कागद दे," रुद्राप्पा म्हणाले.

तिने कागद दिला. सोबत पेनही पुढे केलं.

पेन त्यांनी घेतलं नाही. कागद उलटा केला आणि कोरी बाजू वर ठेवून इंजिनाच्या बरोबर खाली, खड्ड्याच्या तळाशी अंथरला.

"अहो, अर्ज आहे तो."

"पुस," रुद्राप्पा म्हणाले, आणि फडकं वर धरलं.

...

ती खड्ड्यात उतरली. दुसरा इलाज नव्हता. इंजिनाचा सगळा तळ ऑइलने माखला होता, वाऱ्याने पार सायलेन्सरपर्यंत उडालेलं. रॉकेलमध्ये फडकं बुडवून ती पुसत राहिली. एक फडकं, दुसरं, चौथं. खांदे भरून आले.

"राहिलेली शिकवणी पुरी करून घेताय वाटतं," ती म्हणाली. "पंधरा दिवस पुसलं होतं मी."

"चौदा. पंधराव्या दिवशी तू टेबलापर्यंतच आलीस."

लोखंड स्वच्छ, कोरडं झालं, तेव्हा रुद्राप्पांनी तोंडाला लावायच्या पावडरचा डबा आणला आणि सगळ्या तळावर पावडर उडवली. ऑइल निघतं एकीकडे आणि ठिबकतं दुसरीकडे, एवढंच म्हणाले. मग ऑइल भरून त्यांनी इंजिन चालू केलं आणि पुन्हा खाली आले.

दोघं माना वर करून उभे राहिले. डोक्यावर इंजिन धडधडत होतं, पांढरंशुभ्र.

बराच वेळ काही नाही...

मग फिल्टर जिथं इंजिनाला टेकतो, तिथली पावडर करडी झाली. मग काळी. एक थेंब लोंबला, फिल्टरच्या अंगावरून ओघळला आणि कागदावर पडला.

"बघा. फिल्टरच," वृषाली म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता. तो तिचा तिलाच ऐकू आला.

रुद्राप्पांनी वर जाऊन इंजिन बंद केलं.

"काढ."

तिने फिल्टर फिरवून काढला. कोमट ऑइल कोपरापर्यंत ओघळलं. बॅटरीच्या उजेडात तिने तो सगळीकडून पाहिला. कुठं चीर नव्हती. तोंडावरची रबरी रिंग जागच्या जागी होती. अखंड, नवी.

"हा तर..." ती म्हणाली, आणि थांबली.

रुद्राप्पांनी तिचं मनगट धरलं. तिचं बोट वर नेलं, फिल्टर बसतो त्या जागेवर टेकवलं.

"फिरव."

तिथं नुसतं गुळगुळीत लोखंड असायला हवं होतं.

बोटाला मऊ लागलं. रबर. चपटं होऊन घट्ट चिकटलेलं, एका बाजूने वाकडं होऊन बाहेर आलेलं.

जुन्या फिल्टरची रिंग. त्या दिवशी अंगणात जुना फिल्टर निघाला आणि त्याची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली. तिने त्याच रिंगवर नवा फिल्टर आवळला. रबरावर रबर. पाच दिवस कसंबसं धरलं. चढावर इंजिनाला जोर लागला तेव्हा सुटलं.

व्हिडिओतल्या माणसाने त्या जागेवरून फडकं फिरवलं होतं. तिला आता आठवलं. तेवढा भाग तिने न बघता पुढे पळवला होता.

...

ती खड्ड्याच्या पायरीवर बसली. रिंग तिच्या तळहातावर होती. बाहेर रस्त्यावरून एसटी गेली, तिची धूळ आत आली.

"तुम्ही सांगितलं का नाही?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

रुद्राप्पा हात पुसत होते.

"पुस, पुस, पुस. चौदा दिवस. का पुसायचं, ते एकदा तरी सांगायचं होतं. एक वाक्य होतं, आप्पा. मी ऐकलं असतं."

"ऐकलं असतंस?"

तिने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगितलं नाहीत, हे तरी खरं ना?"

"आमच्या उस्तादांनी आम्हालाही..." रुद्राप्पा म्हणाले.

"मग?"

...

त्यांचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते. तरी ते पुसत राहिले. ते तिने पाहिलं, आणि तिला म्हाताऱ्याची दया आली नाही.

शेवटी ते वाकले. खालचा कागद त्यांनी उचलला. कोऱ्या बाजूवर ऑइलचे तीन डाग पडले होते, मागच्या अक्षरांपर्यंत झिरपलेले.

वृषालीने हात पुढे केला. "द्या इकडे. फाडून टाकते."

रुद्राप्पांनी कागद सुलटा केला. तिच्या शेजारी पायरीवर ठेवला, हाताने सपाट केला. मघाशी न घेतलेलं पेन तिच्या खिशातून काढलं आणि तिच्या काळ्या बोटांत दिलं.

"फाडू नको," ते म्हणाले. "दुकानाचं नाव खोड... तिथं दोन नावं बसतील."