चार एकर माणसं

“म्हणजे सभेला त्रेचाळीस माणसं आली होती, असं छापायचं?” जोनासनं विचारलं. “गाव हसेल आपल्याला.”

ट्विचेलबाबा छपाईचे खिळे जुळवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हे बाबा अमेरिकेतले, ओहायो नदीकाठच्या एका गावातले. साल अठराशे चव्वेचाळीस, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचे दिवस. बाबा तिथं एक साप्ताहिक काढत. लिहायचं, जुळवायचं, छापायचं, सगळं स्वतःच. जोनास प्रॅट कॉलेजातून थेट त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला, आणि आपल्या लेखणीला तोड नाही अशी त्याची पक्की समजूत होती.

त्या काळी तिथल्या वर्तमानपत्रांना एक भलतीच खोड लागली होती. सभेची गर्दी ती एकरांत सांगायची. यांच्या सभेला सहा एकर माणसं, की लगेच त्यांच्या सभेला दहा. अरे, माणसं म्हणजे काय मका आहे? पण लोक ते वाचत, आणि जिकडे एकर जास्त तिकडे झुकत.

बाबांचा पक्ष इवलासा, गुलामगिरी बंद करा म्हणणारा. मंगळवारी त्यांची सभा झाली, तेव्हा आधी अंडी आली, मग दगड आले. जोनास समोरच्या तबेल्याच्या जिन्यावर उभा राहून पाहत होता. माणसं त्रेचाळीस, हे त्यानं दोनदा मोजलं. आणि बातमीत लिहिलं, चार एकर.

“आपली बाजू खरी आहे ना?” त्यानं विचारलं.

“आहे.”

“मग ती जिंकायला नको?”

“हवी.”

“मग मी लिहिलं त्यात बिघडलं कुठं? ते तर दहा लिहितात.”

बाबांनी पुढचा खिळा उचलला.

त्या दिवशी सकाळीच एका मोठ्या पक्षाचे दोघे जण छापखान्यात येऊन गेले होते. त्या सभेबद्दल एक अक्षर छापलंत तर तुमचे खिळे नदीत जातील, असं सांगून गेले. बाबांनी त्यांना एवढंच सांगितलं, की अंक शुक्रवारी निघतो, येऊन घेऊन जा.

आता त्यांनी पहिल्या पानाच्या माथ्यावरचं उमेदवाराचं नाव उचललं. निवडणूक होईपर्यंत प्रत्येक वर्तमानपत्र आपल्या उमेदवाराचं नाव तिथं ठळक खिळ्यांत ठेवायचं. ती जागा म्हणजे देव्हारा. बाबांनी नाव काढून बाजूला ठेवलं, आणि त्याच ठळक खिळ्यांत एकेक नवं नाव जुळवायला घेतलं.

पहिलं नाव हॅना क्रेग, लोहाराची विधवा. दुसरं तिच्या दिराचं...

जोनास पानावर वाकला. “सभेला आलेल्या सगळ्यांची नावं?”

“सगळ्यांची.”

“बाबा, घरं जाळतील यांची!”

“दोन दिवस घरोघर जाऊन तेच सांगितलं मी त्यांना.”

“मग?”

“मग म्हणाले, नीट छापा. आणि हॅना म्हणाली, माझं पहिलं घाला.”

जोनास एकेक नाव वाचत राहिला. पानावर नावं वाढत गेली. सुतार, दाई, नावाडी, शाळेतला मास्तर. कुणाच्या डोक्याला अजून पट्टी होती, तेही त्याला ठाऊक होतं. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली. आपली बातमी त्यानं चुरगाळून शेगडीत टाकली.

बाबांनी त्रेचाळिसावं नाव बसवलं आणि खिळ्यांभोवतीची चौकट आवळायला घेतली.

“थांबा,” जोनास म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “माझंही घाला. मीही तिथंच होतो. येऊ देत कोण येतं ते, मी भीत नाही कुणाला.”

बाबांनी हात पुसले. पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं...

“भीत नाहीस, हे ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “पण तू मोजत होतास.”